बाबांच्या नावाने, आईच्या वांग्यासाठी

ती. बाबा आणि आई यांना सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवर सांगायला घेतलं की बाबा, तुम्ही मध्येच "किती डॉलर?" विचारता आणि बोलणं तिथेच अडकतं. म्हणून सरळ लिहून पाठवतेय. किंमत या पत्रात कुठेही नाही, शोधू नका.

दादाने सांगितलंच असेल, यंदा फादर्स डेला तुमच्यासाठी दादाच्या घराच्या मागच्या अंगणात ठेवायला ग्रिल घ्यायचं ठरलंय. जूनचा तिसरा रविवार जवळ आला की इथे अमेरिकेत प्रत्येक मोठ्या दुकानाच्या दारात ग्रिल ओळीने उभे असतात. वडिलांना काय द्यायचं हे सुचलं नाही की टाय नाहीतर ग्रिल, असा इथला शिरस्ता. टाय तुम्ही रिटायर झालात त्या दिवशीच खुंटीला टांगलात, तेव्हा दुसरा पर्यायच उरला.

तुमचा जीव कोळशात अडकलाय हे मला ठाऊक आहे. न्यूअर्कच्या आयर्नबाउंडमध्ये त्या पोर्तुगीज हॉटेलात सार्डिन खाल्ल्यापासून तुम्ही दुसरं काही बोलत नाही. "आपल्या तारलीसारखीच, पण ह्यांना भाजायचं कळतं," हे तुमचं वाक्य वहिनीला आता पाठ झालंय. आणि कोळशाचा तो गोल, झाकणाचा ग्रिल तुम्हाला आवडणार याची मला दुसऱ्या कारणानेही खात्री होती. 1952 साली शिकागोजवळ वेबर नावाच्या धातूकामाच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफनने तो बनवला. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनायचे. याने एक बोया आडवा कापला, खालच्या अर्ध्याला पाय जोडले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं, हवेसाठी भोकं पाडली. वारा लागून कोळसे भडकायचे, राख मांसावर उडायची, ती कटकट संपली. आजही वेबरचा ग्रिल तोच आहे. उभं आयुष्य वर्कशॉपमध्ये पत्रा कापण्यात घालवलेल्या माणसाला याहून चांगली भेट कुठली, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

तरीही तो घेत नाही. रागावू नका, आधी ऐका.

कोळसा पेटून वर पांढरी राख धरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात. जेवण उरकल्यावरही निखारे तासन्‌तास धगधगत राहतात, राख पुरती थंड झाल्याशिवाय डब्यात टाकता येत नाही. मग ती वाकून काढायची. तुमची कंबर काय म्हणते ते तुम्ही आम्हाला सांगत नाही, आई सांगते. रविवारी चार माणसं जमली की हा सोहळा ठीक आहे. पण मंगळवारी दुपारी आईला एक वांगं भाजायचंय, एकच वांगं, तर त्यासाठी कोळसे कोण पेटवणार? ती पेटवणार नाही, तुम्हाला सांगणारही नाही. वांगं तेवढं फ्रिजमध्ये सुकत जाईल.

आता खरं बोलते. हा ग्रिल बाबांच्या नावाने येतोय, पण निवडताना माझ्या डोळ्यापुढे आई होती. दादाच्या किचनमध्ये इंडक्शन आल्यापासून त्या घरात जाळ नाही. भरीत नाही, विस्तवावरचा पापड नाही, फुलका नाही. लाल मिरचीची फोडणी जरा जास्त तडतडली की स्मोक अलार्म बोंबलतो आणि आई, तू स्वतःच्या लेकाच्या घरात चोरासारखी टॉवेल घेऊन त्याच्याखाली हलवत बसतेस. कोणी काही म्हणत नाही. वहिनी तर मुळीच नाही, उलट तीच खिडक्या उघडायला धावते. पण तू फोडणीच बेताची करायला लागलीस, हे मला मागच्या खेपेला आमटीच्या पहिल्या घासाला कळलं.

म्हणून दुकानात मी विक्रेत्याला एकच गोष्ट विचारत राहिले: सत्तरी ओलांडलेली बाई हे कोणाच्याही मदतीशिवाय पेटवू शकेल का? त्याला तिसऱ्यांदा हसू आलं, पण या एका प्रश्नात अर्धं दुकान बाद झालं. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा पेलेट ग्रिल त्याला फार विकायचा होता. त्याला वीज लागते, तापमान मोबाइलवर दिसतं, काही बिनसलं की ॲप बघा. म्हणजे वांग्यासाठी आधी नातवाच्या विनवण्या. नको. नुसता सपाट लोखंडी तव्याचा गॅस ग्रिलही पाहिला. इथली आपली माणसं त्यावर एका वेळी घरभराचे डोसे काढतात, घावनंही झकास होतील, पण त्यावर जाळाची आंच लागत नाही.

तर तीन बर्नरचा, जाळीचा, साधा गॅस ग्रिल ठरलाय. सिलिंडरचा नाही, हे महत्त्वाचं. इथे भरलेला सिलिंडर सहसा कोणी दारात आणून देत नाही. तो जवळपास 17 किलोचा धोंडा आपणच गाडीत घालून दुकानात बदलून आणायचा, आणि तुम्ही दादाची वाट बघणाऱ्यातले नाही. घर तापवायला पाइपचा गॅस आहेच, त्यातूनच पॅटिओपर्यंत लाइन काढायची. टाऊनची परमिट आणि लायसन्सवाला प्लंबर हे दादाकडे. पाइपच्या गॅसचा ग्रिल मुळातच वेगळा येतो, त्याची जेटची भोकं मोठी असतात. सिलिंडरवाला स्वस्तात मिळतोय म्हणून आणून त्याला घरी ड्रिल मारायचा विचार तुमच्या डोक्यात येईल. आणू नका.

"गॅसवर चव नाही" हे तुमचं म्हणणं अर्धंच मान्य. धुराचा तो वास बराचसा माशाचं तेल खाली तापलेल्या पट्ट्यांवर पडून जळतं त्याचा असतो, आणि बांगड्यात तेलाची कमी नाही. झाकण लावा आणि बघा. मासा चिकटू नये म्हणून जाळी आधी चांगली तापवायची, अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून तिच्यावर घासायचा. तारांचा ब्रश आणायचा नाही. त्याची तार तुटून जाळीवर राहते, अन्नातून पोटात जाते, आणि लोकांवर त्यापायी ऑपरेशनची वेळ आलेली आहे.

जाळ्या दोन संच मागवल्यात. एक माशांचा, एक आईचा. वहिनीच्या माहेरचं सोवळं आणि आपला श्रावण दोन्ही सांभाळायचं तर हे हवंच. बाबा, ग्रिलचा ऐन हंगाम नि श्रावण एकाच सुमारास येतात, याला माझा इलाज नाही. तोपर्यंत बांगडे उरकून घ्या. श्रावणात जर्सीची कणसं भाजा. गोडमिट्ट असतात, तिखट-मीठ-लिंबू सढळ हाताने लावा. आई, वांगी ओक ट्री रोडवरच्या आपल्या भारतीय दुकानांतूनच आण, अमेरिकन दुकानातल्या भोपळ्याएवढ्या वांग्याची साल जाड. एका बाजूचे बर्नर मोठे, दुसऱ्या बाजूचा बंद ठेव. साल करपली की बंद बाजूला सरकवून झाकण लाव, आत मऊ होईल.

पेटवताना झाकण उघडंच हवं, बंद असलं तर आत गॅस साठून भडका उडतो. पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं थांबा. भिंतीपासून दहा फूट तरी लांब ठेवा, नाहीतर घराबाहेरचं ते प्लास्टिकचं सायडिंग वितळेल आणि दादा मला फोन करेल.

जोडणी दुकानाची माणसं करतील. बाबा, तुम्ही पाना घेऊन पुढे व्हाल ते मला दिसतंय. चाकं तेवढी बसवा.

एक काम राहिलंय. एकाच ग्रिलची दोन मॉडेलं आहेत, जाळीच्या उंचीत थोडा फरक आहे. उंच असेल तर आईचा खांदा दुखेल. आईला रोजच्या चपला घालून उभी करा, जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मापा आणि इंचात मला कळवा. शुक्रवारच्या आत, म्हणजे ऑर्डर वेळेवर जाईल. आई, तूच कळव, बाबा एक इंच जास्त सांगतील.

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुमची धाकटी