कावीचा लाल पडद्यावर जपताना

फोंडा, गोवा
श्रावण

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

मोरजाईच्या देवळातल्या कावीचे, म्हणजे भिंतींवरच्या त्या तांबड्या-पांढऱ्या नक्षीचे, तू पाठवलेले फोटो मोठ्या पडद्यावर उघडून निवांत बघितले. सुंदर काम केलंयस, आणि ते आत्ताच व्हायला हवं होतं. जीर्णोद्धार म्हणून जुन्या भिंतींवर ऑइलपेंट चढतो, नाहीतर फरशा बसतात. एकदा ते झालं की कावी गेलीच. तुझ्या वेबसाइटवरचे फोटो मी पुढच्यांसाठी ठेवलेली नोंद म्हणून बघतो, आणि नोंदीत रंग खरा हवा. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जेपेगचा दर्जा ९५ ठेवूनही नक्षीच्या कडा मळक्या का दिसतात, असं तू विचारलंस. जेपेगमध्ये उजेड आणि रंग वेगवेगळे साठवले जातात. डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा कळत नाही. त्याचा फायदा घेऊन बरेचसे प्रोग्राम चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. माणसांच्या, माडांच्या फोटोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कावीत मात्र ओला तांबडा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला असतो. सगळी कला तांबड्या-पांढऱ्याच्या सीमेवर उभी, आणि या काटकसरीत पुसट होते ती नेमकी तीच सीमा. चुन्यावर गुलाबी झाक येते, बारीक रेघ फिकी पडते. तू निम्मे फोटो वेबपी या दुसऱ्या फाइल-प्रकारात केलेस. लॉसी, म्हणजे थोडी माहिती टाकून फाइल लहान करणाऱ्या, वेबपीत ही काटकसर सक्तीची आहे. दर्जा १०० केलास तरी सुटत नाही.

जेपेगमध्ये सुटका आहे. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्राममधून एक्स्पोर्ट करताना सबसॅम्पलिंगचा, म्हणजे याच रंगाच्या काटकसरीचा, पर्याय असतो, तिथे ४:४:४ निवड. मग प्रत्येक पिक्सेलचा रंग त्याचा त्याला राहतो. फाइल थोडी फुगेल, फुगू दे. दर्जा ९५ वरून ८५ वर आणलास तर ती वाढ बरीचशी भरून निघेल आणि कडा तरीही स्वच्छ राहतील. कावीच्या बाबतीत मला हाच सौदा योग्य वाटतो.

नक्षी ट्रेस करून तू पानाच्या वरची जी पट्टी केलीस, तिची गोष्ट वेगळी. तिला जेपेग नकोच, पीएनजी-८ या मोजक्या रंगांच्या फाइल-प्रकारात कर. त्यात २५६ पर्यंत रंग बसतात, पण तुला १६ पुरतील: काव, चुना आणि कडा मऊ करणाऱ्या मधल्या छटा. ‘डिदरिंग’ मात्र बंद ठेव. त्यातली फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेली युक्ती मोठी हुशार आहे. रंग मिळाला नाही की उरलेली चूक शेजारच्या पिक्सेलांत वाटून टाकायची, म्हणजे लांबून छटा बरोबर दिसते. पण सपाट लाल पट्टीत ती उगाच ठिपके पेरते आणि फाइलही वाढवते, कारण सलग सारखे पिक्सेल असले की पीएनजी छान आक्रसते. उलट तुझा मिरामारचा संध्याकाळचा फोटो पीएनजी-८ मध्ये टाकलास तर आकाशाचे पट्टे पडतील. त्याला साधा जेपेगच बरा.

आणि ते २१६ ‘वेब-सेफ’ रंग सोडून दे. एका वेळी २५६ रंगच दाखवू शकणाऱ्या पडद्यांच्या काळातला तो हिशेब: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या ६ पायऱ्या, म्हणून ६×६×६. आज साधा फोनही १ कोटी ६७ लाख रंगांच्या हिशेबाने चालतो.

मला जास्त काळजी वाटते ती फोटो काढतानाच्या रंगाची. चौकट भरून लाल भिंत दिसली की कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि तो सगळं निळसर-हिरव्याकडे ढकलतो. तुझ्या गाभाऱ्याबाहेरच्या फोटोंत चुना त्यामुळेच थंड दिसतो. प्रत्येक भिंतीपाशी एक फोटो ग्रे कार्ड, म्हणजे रंग जुळवायचं करडं कार्ड, धरून काढ आणि बाकीचे त्यावरून जुळव.

दुसरं, तुझा आयफोन डिस्प्ले पी३ या रंगांच्या मोठ्या आवाक्यात फोटो ठेवतो. त्यातला लाल एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या आवाक्यापेक्षा जास्त भडक असू शकतो. कॉम्प्रेस करणारी पुष्कळ साधनं रंगाची प्रोफाइल, म्हणजे आकडे कुठल्या आवाक्यातले ते सांगणारी नोंद, काढून टाकतात; मग ब्राउझर तेच आकडे एसआरजीबीचे समजून वाचतो आणि काव विटते. आधी एसआरजीबीत कन्व्हर्ट कर, मग प्रोफाइल गेली तरी बिघडत नाही.

चढवण्याआधी बघायचं कसं, तेही सांगतो. १००% वर उघड. आक्रसून बघितलं की सगळंच छान दिसतं. स्क्वूश या ब्राउझरमधल्या साधनात मूळ आणि कॉम्प्रेस केलेली प्रत मधली रेघ सरकवून ताडून बघता येते. मग घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, नाइट मोड बंद करून, बाल्कनीत जाऊन बघ. देवळाच्या पेडणे तालुक्यातली माणसं हे फोटो बहुतेक तशाच फोनवर बघणार आहेत.

आता एवढं कर: दीपस्तंभाचा, गाभाऱ्याबाहेरच्या पट्टीचा आणि त्या मोराचा मूळ फोटो मला मेलने पाठव. व्हॉट्सॲपवर पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते पुन्हा दाबले जातात. मी नेहमीच्या आणि ४:४:४ च्या, अशा दोन्ही प्रकारे करून परत धाडतो, तू भिंतीसमोर उभा राहून जुळवून बघ. चवथीआधी जमलं तर फार बरं.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय