लिव्हरवर पाय द्यायची वेळ आली, तर थांब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा मोटरसायकलचा टायर घरी बदलताना फोनवर तू म्हणालास, "टायर निम्मा चढलाय, आता ना पुढं जात, ना मागं येत," आणि मी हसलो. त्याबद्दल आधी माफी. तुला हसलो नाही रे. मी स्वतः अशाच अर्धवट टायरसमोर दोन तास बसलो होतो, ते आठवलं. फोनवर सांगून डोक्यात शिरलं नसतं, म्हणून हे पत्र. टायर तसाच राहू दे, काही बिघडत नाही. वाचून झालं की मग हात लाव.

तू लिव्हरवर, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीवर, पाय देऊन उभा राहिलास म्हणालास ना, तिथंच गफलत आहे. टायरची आतली कडा, ज्याला बीड म्हणतात, ती नुसती रबराची नसते. तिच्यात पोलादी तारांचं कडं असतं आणि ते ताणत नाही. एक मिलीमीटरही नाही म्हटलं तरी चालेल. रिमचा काठ त्या कड्याहून मोठा. मग ते कडं काठावरून पलीकडं जायचं कसं? रिमच्या आत बघ, मधोमध एक खोलगट पन्हळ फिरलेली दिसेल. बीडचा समोरचा भाग त्या पन्हळीत उतरला की तिकडं जी थोडी ढील मिळते, तेवढ्यावरच इकडची कडा काठ ओलांडते. समोरची बाजू पन्हळीतून वर सरकली की ढील संपली. मग तू काय, पैलवान आणलास तरी ती कडा हलायची नाही. फार तर रिमला खोक पडेल नाहीतर बीडची तार तुटेल, आणि तार तुटलेला टायर भंगारात.

तेव्हा आता एवढंच कर. चाकासमोर गुडघे टेकून बस. जिथं लिव्हर घालायचीय त्याच्या बरोबर समोरचा भाग दोन्ही गुडघ्यांनी खाली दाब, पन्हळीत बसव, आणि तो दाब सोडू नकोस. लिव्हरनं एका वेळी दोन बोटं एवढाच घास घे. मोठा घास घेतलास की अडकलास. सगळ्यात शेवटचा टप्पा व्हॉल्व्हपाशी, म्हणजे हवा भरायच्या नळीपाशी, येईल असं बघ, कारण पन्हळीतल्या व्हॉल्व्हच्या बुडावर बीड अडकतो आणि नेमकी तिथंच ढील मिळत नाही. तुझी सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून झाली नसेल, तर टायर बाहेर काढून पुन्हा लाव. कंटाळा करू नकोस.

साबणाचं पाणी सढळ हातानं लाव, दोन्ही कडांना. ग्रीस किंवा इंजिन ऑइल मात्र चुकूनही नको. तेलानं रबर खराब होतं, आणि नंतर ब्रेक मारल्यावर टायर रिमवर घसरतो तो वेगळाच. शिवाय गार टायर फार हट्टी असतो. तासभर उन्हात ठेवलास तर निम्मं काम उन्हानंच केलेलं असतं. रिमच्या काठावर प्लास्टिकच्या जाड डब्याचे तुकडे कापून लाव, ओरखडे येत नाहीत. आणि हो, ब्रेकची डिस्क खाली करून चाक जमिनीवर ठेवलं नाहीयेस ना? एखाद्या जुन्या टायरवर ठेव. डिस्क वाकली तर हा सगळा खटाटोप महागात पडेल.

जुना टायर उतरवताना बीड सुटला कसा, ते तू सांगितलंच नाहीस. ट्यूबलेस रिमला आतून एक बारीक उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी बीड जागा सोडू नये म्हणून. रस्त्यावर तो जीव वाचवतो आणि घरी जीव खातो. माझ्याकडून टाचेनं दाबून काही झालं नाही. शेवटी टायरवर रिमच्या काठालगत फळी ठेवली, फळीवर दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टेकवला आणि ती गाडी माझ्याकडं कलती केली. 'फस्स' करून बीड खाली बसला. मुकाट्यानं 'जी-क्लॅम्प', म्हणजे स्क्रूनं आवळायचा शिकंजा, वापरला असता तरी चाललं असतं, पण ते नंतर सुचलं.

माझी पहिली फजिती याच्याही आधीची, ट्यूबच्या चाकाची. ट्यूब टायरमध्ये कोरडी आणि रिकामी कोंबली होती. टायर चढला, हवा भरली, मी मिशीला पीळ देत झोपायला गेलो. सकाळी चाक जमिनीला टेकलेलं. उघडलं तर लिव्हरनं ट्यूबला चिमटा घेतलेला, नखाएवढी फट. तेव्हापासून ट्यूब असेल तर तिला पावडर चोळतो आणि आकार येण्यापुरती हवा भरूनच आत घालतो. गोल राहिलेली ट्यूब लिव्हरखाली येत नाही. तुझं चाक ट्यूबलेस, तुला ही भानगड नाही.

आता बीड बसवणं. व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा भर, म्हणजे ती झपकन आत शिरते. फटाक्यासारखे दोन आवाज येतील, एकेका बाजूचा एकेक. पहिल्यांदा दचकशील. कितीही वाटलं तरी साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, लिहिलेल्या दाबाच्या पुढं जाऊ नकोस आणि चाकावर ओणवा होऊन बघत बसू नकोस. आवाज आला नाही तर हवा सोड, पुन्हा साबण लाव, पुन्हा भर. हवा धरतच नसेल, तर टायरभोवती मधोमध पट्टा आवळ, कडा बाहेर फाकतात. बसल्यावर काठालगतची बारीक रेघ बघ. ती चहूकडं रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी बुडालेली दिसली तर तिथं बीड बसलेला नाही, आवाज आला असला तरी.

मग माझ्या आवडीचं काम, बॅलन्सिंग, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडं सारखा करणं. "पंचवीस-तीस ग्रॅमनं काय फरक पडतो?" असं तू मागं एकदा म्हणाला होतास. गणित करून बघ. 17 इंची रिमच्या काठाशी 30 ग्रॅम जास्त असतील, तर ताशी 100 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण 15 फेरे घेतं, आणि ते 30 ग्रॅम साडेपाच किलोच्या आसपास ओढ लावतात. सेकंदाला 15 वेळा वर, 15 वेळा खाली. वेग निम्मा केलास तर ओढ पावपट. म्हणूनच गल्लीत काही जाणवत नाही आणि मोठ्या रस्त्यावर हँडल थरथरतं.

यंत्राची गरज नाही. चाक एक्सलसकट, म्हणजे मधल्या आसासकट, दोन सारख्या उंचीच्या आधारांवर ठेव, पातळीत. एक्सलवर चाक अगदी हलकं फिरायला हवं. बेअरिंगची सील घासत असेल तर चाक खोटं बोलतं, जड बाजू खाली यायच्या आधीच थांबतं. जुनी वजनं आधी काढून टाक. मग हलकेच ढकल आणि हात मागं घे. चाक फिरेल, मंद होईल, थांबतंय असं वाटेल आणि मग एक गंमत होते. ते क्षणभर विचार केल्यासारखं करतं आणि उलटं फिरू लागतं. डावीकडं, उजवीकडं, पुन्हा डावीकडं, आणि शेवटी एका जागी निवतं. तळाची जागा जड. तिथं खडूची खूण कर. तीन-चारदा करून बघ. दरवेळी तीच जागा खाली आली तर खूण खरी. खुणेच्या बरोबर समोर वजन लाव. चिकटवायच्या पट्टीत पाच-पाच ग्रॅमचे तुकडे असतात, पण लगेच चिकटवू नकोस, आधी कागदी टेपनं धर. आता खूण घड्याळातल्या तिनाच्या जागी आणून सोड. खूण खाली गेली तर वजन वाढव, वर गेली तर कमी कर. जिथं ठेवशील तिथं चाक स्तब्ध राहिलं की झालं.

गेल्या खेपेला मला 60 ग्रॅम लागत होते. एवढं का, म्हणून डोकं खाजवत बसलो. मग चिखलाच्या थराखाली मागच्या टायरची वजनं दिसली! ती काढल्यावरही 40 लागले. टायरच्या बाजूवरचा रंगीत ठिपका, म्हणजे त्याची हलकी बाजू, मी व्हॉल्व्हपाशी आणलाच नव्हता. बीड सोडवून टायर अर्धा फेरा फिरवला आणि काम 15 ग्रॅमवर आलं. तासभर गेला, पण रात्री गच्चीत एकटं बसून चाक डोलताना बघण्यात जो निवांतपणा आहे, तो सांगता येत नाही.

परत बसवताना स्पेसर, म्हणजे एक्सलवरच्या अंतर राखणाऱ्या नळ्या, आपापल्या बाजूला घाल, मागच्या चाकातले धक्के झेलणारे रबराचे तुकडे पडले नाहीत ना बघ, चेन सरळ धर आणि एक्सलचा नट टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, गाडीच्या पुस्तकात दिलाय तेवढाच आवळ. गाडी हलवायच्या आधी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून घट्ट करून घे. मी एकदा विसरलो. गाडी ढकलत उतारावर आणली, पुढचा ब्रेक दाबला, तो थेट मुठीला टेकला. कुंपणानं थांबवलं. आणि पहिले 100-150 किलोमीटर वळणावर शहाणपणा दाखवू नकोस, नवं रबर गुळगुळीत असतं.

उरलेली वजनाची पट्टी माझ्याकडं पडून आहे, पुढच्या आठवड्यात येताना आणतो. वहिनींना नमस्कार. त्यांच्या भांडी घासायच्या साबणाला हात लावायच्या आधी विचारलंस, असं मी गृहीत धरतो.

तुझा,
तोच, दोन तास बसलेला

ता. क. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. टायर निम्माच चढलाय तोवर उठून तो आधी बघून ये.