आइसलँडचे कौतुक करताना आकडेही पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या देशांच्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की आइसलँडचे नाव हमखास येते. पण कोणते उपचार आपल्या देशात करायचेच नाहीत हे त्या देशाने ठरवले आहे, याची दखल फारशी घेतली जात नाही.

लोकसंख्या चार लाखांच्या आत आणि जन्म वर्षाला साधारण साडेचार हजार. हजारी आठ-दहा बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. म्हणजे चाळीसेक बाळे, आणि पहिल्याच वर्षी शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरचा (रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून करायचा) उपचार लागणारी त्यांतली जेमतेम दहा. इंग्लंडमध्ये जन्मजात हृदयदोषांच्या सर्जनने वर्षाला किमान १२५ शस्त्रक्रिया कराव्यात असा निकष आहे. दहा शस्त्रक्रियांवर सर्जनचाच काय, भूलतज्ज्ञ, पर्फ्युजनिस्ट (हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा) आणि आयसीयूतल्या परिचारिकांचाही हात बसत नाही. म्हणून गुंतागुंतीची बाळे स्वीडनमधील लुंडला जातात. हृदय, यकृत आणि फुप्फुस प्रत्यारोपण स्वीडनमधल्याच गोटेबर्गला होते. जिवंत दात्याकडून मूत्रपिंड मात्र २००३ पासून रेक्याविकच्या लांडस्पिताली रुग्णालयात बसवले जाते, आणि ते योग्यच आहे. ही शस्त्रक्रिया तारीख ठरवून करता येते, आणि डायलिसिसमुळे रुग्ण आधीपासून त्याच डॉक्टरांच्या हाताखाली असतो.

परदेशी उपचारांत घोळ होतो तो बहुधा रुग्ण परतल्यावर. शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाचेच घ्या. त्याची रक्तपातळी सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आदल्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी मोजायची असते. रुग्ण गोळी घेऊन प्रयोगशाळेत गेला तर आकडा फुगतो, त्यावरून कोणी डोस कमी करतो आणि शरीर नवा अवयव नाकारू लागते. शिवाय ही पातळी मोजायच्या दोन पद्धतींपैकी इम्युनोअॅसेचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा बऱ्याचदा जास्त येतो. त्यामुळे डिस्चार्ज कार्डावर नुसते अपेक्षित पातळीचे आकडे देऊन भागत नाही, ते कोणत्या पद्धतीचे हेही लिहायला हवे. दोन ओळींचे काम, पण सर्रास राहून जाते.

संशोधनातही रुग्णसंख्याच आडवी येते. एखाद्या औषधाने मृत्यू १० टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतात का, हे ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची ८० टक्के शक्यता ठेवून) पाहायचे तर दोन्ही गट मिळून सुमारे ६,४०० रुग्ण लागतात. ते एकट्या छोट्या देशात मिळणार नाहीत. बहुराष्ट्रीय चाचणीचे एक केंद्र व्हावे लागते. तिथेही केंद्राने दहा रुग्णांचा शब्द दिलेला असतो आणि मिळतो एक. कारण बहुधा साधे असते: अंदाज आजाराच्या एकूण रुग्णांवरून बांधलेला असतो, वय, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) आणि आधीचे उपचार यांची चाळणी लावलेलीच नसते. एथिक्स समितीची मंजुरी, करार, औषधसाठ्याचे तापमान, चाचणीच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरच्या फेऱ्या हा खर्च एका रुग्णालाही जवळपास तेवढाच पडतो. गेल्या बारा महिन्यांच्या केसपेपरांना सगळे निकष लावून मगच आकडा कळवावा.

संपूर्ण देशच अभ्यासात घेता येतो तिथे मात्र हाच लहानपणा कामी येतो. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाची पूर्वावस्था शोधणाऱ्या अभ्यासात आइसलँडने १९७५ किंवा त्याआधी जन्मलेल्या सगळ्यांना, सुमारे १ लाख ४८ हजार जणांना, बोलावले. ८० हजारांहून अधिक लोकांनी संमती दिली. नेहमीच्या तपासणीसाठी रक्त काढतानाच एक जादा नमुना घेण्याची सोय ठेवली, त्यामुळे त्यासाठी वेगळी खेप पडत नव्हती. मोठ्या देशांना हे जमवणे महाकठीण.

गोपनीयतेचा प्रश्न मात्र अशा देशात फार टोकदार होतो. नाव खोडले तरी वय, गाव आणि दुर्मीळ आजार एवढ्यावरून शेजारी माणूस ओळखतात. त्यामुळे वय पाच वर्षांच्या टप्प्यात द्यावे, गावाऐवजी विभाग लिहावा, आणि तक्त्यात पाचपेक्षा कमी रुग्णांचा रकाना झाकावा. हे करताना बेरजेचा रकाना उघडा राहिला तर झाकलेला आकडा साध्या वजाबाकीने निघतो, तेव्हा त्याच ओळीतला आणखी एक रकाना झाकावा लागतो. देशात त्या आजाराचा रुग्ण एकच असेल तर यातले काहीच पुरत नाही; प्रसिद्धीपूर्वी मजकूर त्याला दाखवून वेगळी लेखी संमती घ्यावी.

— क्लिनिकल संशोधन क्षेत्रातील काही वाचक