पळताना अंगाला खाज सुटते, त्याला नाटक म्हणू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

दिवाळी झाली की आपल्या पेपरात दरवर्षी थंडी आणि व्यायामावर लेख येतात, यंदापण आले, कान झाका, कोमट पाणी प्या, एकदम जोरात पळू नका, सगळं बरोबर आहे. पण पळायला लागलं की ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी काय करायचं यावर मी आजवर एक ओळ वाचली नाही. मी स्वतः त्यातलीच. आणि रोज सकाळी ज्या ग्राउंडवर जाते तिथे पोलीस भरतीची पोरंपोरी असतात, त्यांच्यातपण कोणी ना कोणी मान-पाठ खाजवत कडेला उभं असतं आणि सर लांबून ओरडत असतात, नाटकं बंद कर, राउंड पूर्ण कर. म्हणून हे पत्र, जरा लांबलंय, कापलंत तरी चालेल पण औषधांचा भाग कापू नका.

ज्यांना होत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. पळायला लागून पाच-दहा मिनिटं झाली, अंग तापलं, घाम फुटायच्या बेतात आला की डोक्यात केसांच्या मुळाशी टोचायला लागतं, मग मान, पाठ, पोट, दंड, आणि बघता बघता लाल मुंग्यांच्या वारुळावर बसल्यासारखं होतं. ब्राचा पट्टा नको, ट्रॅक पँटचं इलॅस्टिक नको, काहीच सहन होत नाही. बाही वर करून बघावं तर दोन-तीन मिलिमीटरच्या बारीक गांध्या आणि भोवती लालभडक. थांबलं, वारा लागला की अर्ध्या-पाऊण तासात सगळं गायब. आता गंमत अशी की दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अंगावर दाखवायला काही उरतच नाही आणि मग "काही दिसत नाहीये हो" म्हणून बोळवण होते. त्यामुळे अंगावर उठलं की तिथल्या तिथे मोबाईलवर फोटो काढून ठेवायचा, जवळून एक आणि लांबून एक. माझं निदान फोटो दाखवल्यावरच झालं.

या प्रकाराला कोलिनर्जिक अर्टिकेरिया म्हणतात, म्हणजे अंग तापल्यावर पित्त उठणं. आजकालच्या पोरांचं फॅड नाही हे, 1924 साली ड्यूक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवलंय. अंग आतून तापलं की मेंदू घामाच्या ग्रंथींना निरोप पाठवतो, तो निरोप नेणारं जे रसायन आहे त्याच्याच गडबडीत काही लोकांच्या कातडीत हिस्टामाइन नावाचं खाज आणणारं द्रव्य सुटतं आणि खाज. म्हणून फक्त पळण्यानेच नाही, कढत पाण्याची अंघोळ, झणझणीत मिसळ, चारचौघांत बोलायची वेळ, राग, काहीही पुरतं. जास्त करून तरुण वयातच सुरू होतं, म्हणजे नेमकं भरतीच्या आणि कॉलेजच्या वयात. आणि पुष्कळांना थंडीत जास्त होतं कारण उन्हाळ्यात रोज घाम येऊन येऊन शरीराला सवय लागलेली असते, ती हिवाळ्यात मोडते. लोकांना वाटतं घाम आला की खाज, मग थंडीत कशी काय येते, खोटं बोलतोय.

घरचे उपाय सगळे करून झाले. आजीने आमसुलाचं पाणी चोळलं, गार वाटतं, नुकसान काही नाही, पण उद्याच्या पळण्याला त्याचा उपयोग शून्य. आईने अॅसिडिटीची गोळी दिली, तिनेपण मला काही फरक पडला नाही. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं की फॅट बर्न होतंय म्हणून खाजतंय, चांगली गोष्ट आहे, अजून दहा मिनिटं ट्रेडमिल कर!! असल्या लोकांच्या हातात आपण आपली हाडं-कातडी देतो.

उपयोग कशाचा झाला तर दोन गोष्टींचा. एक म्हणजे स्किनच्या डॉक्टरांनी दिलेली ऍलर्जीची गोळी, पण ती खाजवायला लागल्यावर नाही, ठरावीक काळ रोज घ्यायची. आणि इथे भरतीच्या पोरांना कळकळीने सांगते, मेडिकलमधली ती जुनी स्वस्तातली गोळी मित्राकडून मागून खाऊन पहाटे ग्राउंडवर येऊ नका, ती गुंगी आणते, नव्या गोळ्यांमधल्या काही बऱ्याच कमी आणतात, कुठली आणि किती ते डॉक्टरला विचारा. दुसरी गोष्ट म्हणजे व्यायाम न सोडणं. एकदा असं उठून गेलं की पुढचे काही तास, काहींना दिवसभर, परत तितक्या जोरात उठत नाही, त्यामुळे सौम्य त्रास असेल तर डॉक्टरच सांगतात की रोज थोडा थोडा घाम काढा, हळूहळू वाढवा. मी आधी बराच वेळ नुसती चालते, टोचायला लागलं की थांबते, वारा घेते, परत चालते, मग पळते. सोसायटीतले बघतात, बघू देत.

पण प्रत्येक खाज हीच असते असं नाही आणि इथेच लोकांचा घोटाळा होतो. बरेच दिवस बसून राहिलेला माणूस एकदम पळाला की मांड्या खाजतात, अंगावर काही उठत नाही, ते पायातल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात म्हणून, रोज पळायला लागलं की जातं. घामोळं वेगळं, तिथे घामाची तोंडं बुजलेली असतात, त्यावर थंडगार पावडरचा थर दिला तर दोन मिनिटं बरं वाटतं आणि मग पावडर-घामाचा चिखल होतो. ज्यांना लहानपणापासून एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाजायचा आजार, आहे त्यांना घामातलं मीठच झोंबतं, त्यांनी व्यायाम झाल्या झाल्या साध्या पाण्याने अंग धुवावं, घासणी लावू नये, अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन किंवा डॉक्टरने दिलेलं क्रीम लावावं, नवा टी-शर्ट आधी धुवून मग घालावा आणि कपडे दोनदा खळबळावेत कारण साबण राहिला की घामात तोच कातडीला लागतो.

आणि जांघेतली, कमरेच्या इलॅस्टिकखालची गोल गोल पसरणारी खाज म्हणजे नायटा, गजकर्ण. एका खोलीत सहा-सहा पोरं राहतात, टॉवेल एकच, ट्रॅक पँट ओलीच परत घालतात, मग होणार नाही तर काय. मेडिकलवाला न विचारता एक ट्यूब देतो, त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते, पोरगं खूश, आणि आत बुरशी आरामात पसरत राहते, कडा पुसट होतात, डॉक्टरलापण चटकन ओळखू येत नाही, कातडी पातळ होते ते वेगळंच. 2018 साली केंद्र सरकारने असली स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठी कोण मागतं सांगा! आता तर आपल्या देशात नायट्याची बुरशी नेहमीच्या औषधालापण दाद देईनाशी झालीय, त्याला हे ट्यूब प्रकरण बऱ्याच अंशी कारण आहे असं स्किनचे डॉक्टर सांगतात.

सर लोकांसाठी एकच गोष्ट पण ती ठळक छापा. खाजेबरोबर ओठ-डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली, उलटी झाली तर ते नाटक नाही आणि साधं पित्त उठणंपण नाही. क्वचित होतं, पण जीवावर बेततं. काहींना गव्हाची चपाती किंवा कोळंबी खाऊन लगेच पळालं तरच होतं, एरवी तीच चपाती खाऊन काही होत नाही, आणि वरून पेनकिलर घेतलेली असेल तर अजून वाईट. अशा वेळी पळणं तिथेच बंद, आडवं झोपवा, श्वास लागत असेल तर टेकून बसवा, पण उठवून चालवत नेऊ नका, 108 ला फोन करा, अॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि ते लवकर लागतं. "पाणी पी, एक राउंड मार, ठीक होईल" असं त्या वेळी तरी म्हणू नका.

भरतीत मैदानी 50 मार्कांची, त्यातले 20 मुलांना 1600 मीटरचे आणि मुलींना 800 चे. त्या पोराच्या पाठीवर गांध्या उठल्यात म्हणून त्याचे मार्क जावेत हे मला पटत नाही, आधी हळूहळू अंग गरम करायला पुरेसा वेळ मिळाला तर तेच पोरगं कदाचित नीट पळेल. अकॅडमीवाल्यांनी फी घेताना दमा-फिट्सबद्दल विचारतात तसं हेपण विचारावं. आणि ज्यांच्या ताब्यात ग्राउंड आहेत त्यांनी निदान एक चालू नळ आणि दार लागणारी एक खोली द्यावी, पोरं काय शर्ट काढून बाटलीभर पाणी अंगावर ओततात, पोरींनी खाजत घरापर्यंत जायचं का? आमच्या इथे नळ आहे, त्याची तोटी गेल्यापासून तो बंदच आहे, अर्ज देऊन झालाय.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या स्किनच्या डॉक्टरांकडून यावर फोटोंसकट एक पान लिहून घ्याल तर फार बरं होईल, मी ते ग्राउंडच्या गेटवर चिकटवीन.

आपली,
एक वाचक, सातारा जिल्हा