एकटे सोडले तरी कधी होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात ठाण्यातील एका वाचकाचे पत्र आले. ‘अमेरिकेतली गुलामगिरी संपून १६० वर्षे झाली, तरी तिथले कृष्णवर्णीय सगळ्याचे खापर तिच्यावर फोडतात, आता स्वतःची जबाबदारी घ्यावी’, असा त्याचा आशय. साक्षीला त्यांनी फ्रेडरिक डग्लस यांना उभे केले आहे. गुलामीतून पळून आलेल्या या पुढाऱ्याने १८६५ मध्ये बोस्टनच्या भाषणात सांगितले होते की आमचे काय करायचे हे विचारू नका, काहीच करू नका. आमचा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहत नसेल तर पडू द्या त्याला.

डग्लस हे बोलले होते. मात्र भाषण तिथे संपत नाही. लगेच पुढे ते म्हणतात, त्याला उभे राहायची संधी द्या. तो शाळेकडे चाललेला दिसला तर जाऊ द्या, मत टाकायला निघाला तर अडवू नका. दयेची मागणी त्यांनी केली नव्हती, वाट मोकळी ठेवा एवढेच मागितले होते. म्हणून ‘वैयक्तिक जबाबदारी की गुलामगिरीचे परिणाम’ हा वाद तपासायचा असेल, तर पुढच्या शंभर वर्षांत ही माणसे उभी राहू लागली तेव्हा नेमके काय झाले, हे पाहावे लागते.

आधी शिक्षण. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. १८७० च्या जनगणनेत ८० टक्के कृष्णवर्णीय निरक्षर निघाले. १९०० मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले, १९१० मध्ये ३० वर. चाळीस वर्षांत ८० चे ३०, तेही चर्चच्या खोल्यांत, वर्गणी काढून चालवलेल्या शाळांतून. कुटुंबाचेही तेच. मालकांनी वेगवेगळ्या ठिकाणी विकलेले नवरा-बायको आणि मुले यांना शोधण्यासाठी मुक्त झालेली माणसे वर्तमानपत्रांत जाहिराती देत राहिली, १९०० नंतरही. जबाबदारी घेणे याहून वेगळे काय असते?

आता श्रमाकडे वळू. १८६५ च्या जानेवारीत, यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेचे सेनापती असलेले जनरल शर्मन यांच्या हुकमाने दक्षिणेतल्या किनारपट्टीची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांत वाटायचे ठरले. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांकडे परत फिरवली. नोव्हेंबरमध्ये मिसिसिपी राज्याने कायदा केला. त्यात गावाबाहेरची शेतजमीन मुक्त माणसाला भाड्यानेसुद्धा घ्यायला बंदी होती. दर जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नसेल तर तो भटक्या ठरणार. भटक्याला दंड आणि दंड भरता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे मजुरी. करार संपण्याआधी मालक सोडला तर त्या वर्षाची सगळी मजुरी बुडाली. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीतच ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तमजुरीला सूट ठेवली होती. कैदी खाणींना आणि मळ्यांना भाड्याने देण्याची पद्धत त्या सूटीवर उभी राहिली आणि अलाबामात ती १९२८ पर्यंत चालली.

हे कायदे पुढे काही काळ रद्द झाले, तरी खरी पकड होती ती अर्धेलीची. जमीन, खेचर, अवजारे आणि बी मालकाचे, घाम कुळाचा. समजा कापसाच्या दहा गाठी झाल्या. पाच मालकाच्या. उरलेल्या पाचांतून वर्षभर दुकानातून उधार आणलेले मक्याचे पीठ, खारवलेले मांस, काकवी, कापड वजा. शिवाय खताचा वाटा. रोखीचा भाव वेगळा, उधारीचा चढा, वर व्याज. काटा मालकाचा, वही मालकाची, पिकावर पहिला हक्कही मालकाचा, त्यामुळे कापूस दुसऱ्या व्यापाऱ्याला विकता येत नसे. डिसेंबरात हिशेब झाला की बाकी कुळाकडेच निघायची आणि ती फेडायला पुढचे वर्ष तिथेच. भिवंडी-शहापूरकडच्या वीटभट्ट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात घेतलेली उचल, दर आठवड्याची खर्ची, शेवटी विटांची मोजणी मालकाच्या तोंडी आणि हिशेबाला ‘तुझ्याकडेच फिरते’. वेठबिगारीविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९७६ चा आहे. भट्टीवरून सोडवलेल्या कातकरी कुटुंबाला मुक्तीचा दाखला हातात दिला आणि जमीन, रेशनकार्ड, पावसाळ्यातली खावटी दिली नाही, तर ते पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा उचल घेते. तेव्हा त्याला आळशी म्हणणारा माणूस भट्टीचा हिशेब वाचायला बसलेला नसतो.

अलाबामात आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्याला फसवणुकीचा गुन्हेगार ठरवणारा कायदा होता. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेली खटल्यात तो मोडला. उचल आणि पोलीस यांची सांगड तोवर बिनदिक्कत चालू होती.

‘बचत करावी’ असेही पत्रलेखक म्हणतात. केली होती. मार्च १८६५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने खास मुक्त माणसांसाठी फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक काढली. पासबुकावर लिंकनचे चित्र, त्यामुळे पैसा सरकारच्या हमीचा आहे अशी लोकांची समजूत. हमी नव्हती. सुरुवातीला ठेवी फक्त सरकारी रोख्यांत गुंतवायच्या होत्या. १८७० मध्ये नियम बदलून स्थावर मालमत्तेवर कर्जे द्यायला मुभा दिली आणि गोऱ्या संचालकांनी ती आपल्या ओळखीच्या सट्टेबाजांना दिली. १८७३ ची मंदी आली. १८७४ च्या मार्चमध्ये बुडणाऱ्या बँकेच्या अध्यक्षपदी डग्लस यांनाच बसवले. त्यांनी स्वतःचे १०,००० डॉलर घातले. जूनअखेर दारे बंद. ६१,००० हून अधिक ठेवीदारांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले आणि जवळपास निम्म्या लोकांना छदामही परत मिळाला नाही. देशभरासाठी केंद्रीय ठेव विमा अमेरिकेत यायला १९३३ उजाडले. सहकारी बँक बुडाल्यावर काय होते, ठेवीदाराची पुढची पिढीसुद्धा बँकेच्या पायरीला कशी घाबरते, हे आपल्याकडे पनवेल-वाशीच्या रांगांनी दाखवून दिले आहे.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती गुलामांना मुक्त केल्याच्या कृतज्ञतेतून. त्यांच्या अर्पणपत्रिकेनंतर वर्षभरात ही बँक बुडाली आणि १८७७ मध्ये दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मतदारांना संरक्षण देणारे केंद्रीय सैन्यही मागे घेतले गेले.

तरीही १९२० मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वानऊ लाख कृष्णवर्णीय शेतकरी होते. त्यांतले बरेचसे कुळे असले, तरी स्वतःच्या नावावर जमीन केलेलेही दोन लाखांच्या घरात होते. आज तिथे पन्नास हजारही उरलेले नाहीत. याचे एक कारण आपल्या तलाठी कार्यालयात रोज दिसते. मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांच्या सामाईक नावावर राहते. चार पिढ्यांनी साठ हिस्सेदार होतात. त्यांतला एखादा शहरात असतो, सट्टेबाज त्याचा हिस्सा कवडीमोलाने घेतो आणि न्यायालयात वाटणी मागतो. तिथले न्यायालय अनेकदा सगळी जमीन लिलावात काढते आणि तोच ती स्वस्तात उचलतो. सामाईक जमिनीवर बँक कर्ज देत नाही, म्हणून बोली लावायलाही कुटुंबाकडे पैसा नसतो. मृत्युपत्र न करणे हा हलगर्जीपणा आहेच, तेवढी जबाबदारी त्या कुटुंबाचीच. पण जिथे काळ्या माणसाला वकील मिळत नव्हता आणि कोर्टाची पायरी चढणेच धोक्याचे होते, तिथे ही सवय कुठून लागावी?

सगळ्यात मोठे नुकसान मात्र घरांच्या बाबतीत झाले, आणि ते सरकारच्या सहीने. १९३० पूर्वी अमेरिकेत घरकर्ज म्हणजे निम्मी किंमत रोख आणि बाकी पाचेक वर्षांत. १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आले. त्याने कर्जाला विमा द्यायला सुरुवात केली, म्हणून बँका ८० ते ९० टक्के रक्कम, २०-२५ वर्षांच्या मुदतीने, ठरलेल्या व्याजाने देऊ लागल्या. मध्यमवर्ग घरमालक झाला तो या एका बदलाने. पण याच संस्थेच्या १९३८ च्या नियमपुस्तकात वस्तीत ‘विसंगत’ वंशाचे लोक येऊ नयेत यासाठी खरेदीखतात अटी घालण्याची शिफारस होती. अशा अटी १९४८ मध्ये न्यायालयाने अंमलबजावणीस अपात्र ठरवल्या. घरविक्रीतला भेदभाव कायद्याने बंद झाला १९६८ मध्ये.

इथे एक दुरुस्ती. कर्जासाठी धोक्याच्या ठरवलेल्या वस्त्या लाल रंगात दाखवणाऱ्या नकाशांवर सगळा दोष टाकायची पद्धत पडली आहे. ते नकाशे दुसऱ्या संस्थेचे, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे, आणि लाल पट्ट्यात राहणारे बहुसंख्य लोक गोरेच होते. मात्र कृष्णवर्णीय कुटुंबे जवळपास सगळीच त्या पट्ट्यात होती. अपाय झाला तो मुख्यतः फेडरल हाउसिंगने कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या कर्जांना विमा नाकारण्याने.

विमा नाही तर बँक नाही, बँक नाही तर हप्त्याचा करार. शिकागोत १९५० नंतर दलाल गोऱ्यांकडून घर घ्यायचे आणि जवळपास दुप्पट भावाने कृष्णवर्णीय कुटुंबाला ‘करारावर’ विकायचे. दुरुस्ती, कर, विमा खरेदीदाराने भरायचे. खरेदीखत मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत दलालाच्या नावावर. एक हप्ता चुकला की घर गेले, भरलेले सगळे गेले, आणि तेच घर पुढच्या कुटुंबाला पुन्हा विकायला मोकळे. साठेकरार आणि खरेदीखत यांतला फरक ज्याला कळतो, त्याला या धंद्याची क्रूरता कळेल. सैनिकही सुटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्यांच्या योजनेत १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या तेरा शहरांत घर, शेती व धंद्यासाठी ३,२२९ हमीकर्जे मंजूर झाली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना २.

याचा हिशेब मांडू. १९५० मध्ये अमेरिकेतल्या घराची मध्यक किंमत (निम्मी घरे याहून महाग, निम्मी स्वस्त) ७,३५४ डॉलर होती. दहा टक्के म्हणजे ७३५ डॉलर हातात असणाऱ्याने ते घेतले, हप्ता १९५० च्या डॉलरांत गोठला. १९८० मध्ये मध्यक किंमत ४७,२०० झाली, सव्वासहा पटींहून अधिक. महागाई याच काळात साडेतीन पटींच्या आत होती. कर्ज संपलेले, घर तारणाला मोकळे, त्यावर मुलाचे कॉलेज. तेवढाच पगार, तेवढाच काटकसरीचा स्वभाव असलेला दुसरा माणूस तीस वर्षे भाडे भरत राहिला, तर त्याच्या मुलाला शैक्षणिक कर्ज काढावे लागले. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० आहे. उत्पन्नातली तफावत साधारण तीनास दोन, संपत्तीतली सहापटीहून जास्त. आजच्या कामसूपणाचे माप पगारात दिसते. संपत्तीत आजोबाही मोजले जातात.

नवी मुंबईत हे वेगळे सांगायला नको. हे शहर वसवणारे सरकारी महामंडळ सिडको १९७० मध्ये आले, ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जासईच्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले आणि दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून साडेबारा टक्क्यांचा विकसित भूखंड मिळवला. तो कोणाला मिळाला? ज्याच्या बापजाद्यांचे नाव सातबाऱ्यावर होते त्याला. त्याच शेतात राबणाऱ्याचे नाव कागदावर नव्हते. गुलामीच्या बाबतीत तर भरपाई मालकालाच दिली गेली. वॉशिंग्टनमध्ये १८६२ मध्ये दर गुलामामागे ३०० डॉलरपर्यंत. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने दोन कोटी पौंड, आणि त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ मध्ये फिटले. राबलेल्यांना काहीच नाही.

सगळ्याचेच खापर गुलामगिरीवर फोडता येत नाही, हा पत्रलेखकांचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणा होईल. अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल दाखवतात की १९४० मध्ये ८७ टक्के कृष्णवर्णीय कुटुंबे गरीब होती, १९६० मध्ये ४७ टक्के. म्हणजे नागरी हक्कांचे मोठे कायदे येण्याआधीच लोकांनी कष्टाने वाट काढली होती. विवाहाबाहेरच्या जन्मांचे प्रमाण १९६५ मध्ये २४ टक्के होते, आज ७० च्या आसपास आहे. कुटुंबाची ही मोडतोड गुलामीने झाली असती तर ती गुलामीच्या जवळच्या काळात जास्त दिसायला हवी होती. हा युक्तिवाद आम्हाला पटतो. या मोडतोडीची कारणे नंतरची आहेत: शहरांतले कारखाने बंद पडले, घरात पुरुष असला तर मदत तोडणारा नियम १९६८ पर्यंत चालला, १९८६ च्या कायद्याने क्रॅक कोकेनला, म्हणजे ओढायच्या खड्यांना, कोकेनच्या भुकटीच्या शंभरपट कडक मापाने शिक्षा ठरवली. यात बापाने घर सोडणे हीही माणसाची स्वतःची निवड असते आणि तिचा जाब त्यालाच द्यावा लागेल. कुठल्या नुकसानीला कुठले कारण, हे वेगवेगळे मोजले तरच उपायही वेगवेगळे सुचतात. बापाने मुलाजवळ राहावे याला सरकारी अनुदान लागत नाही. विमा नाकारलेल्या घराची भरपाई मात्र कितीही चांगला बाप झाला तरी त्याच्या हातात नाही.

इलिनॉयमधल्या इव्हन्स्टन शहराने नेमके एवढेच हाती घेतले आहे. २०१९ मध्ये ठराव, २०२१ मध्ये योजना, पैसा सुरुवातीला गांजाविक्रीवरील करातून. १९१९ ते १९६९ या काळात शहरात प्रौढ म्हणून राहिलेले कृष्णवर्णीय रहिवासी किंवा त्यांचे थेट वंशज पात्र. त्या काळातला पत्ता आणि नाते यांची कागदपत्रे द्यायची. रक्कम २५,००० डॉलर, सुरुवातीला फक्त घराचा पहिला भरणा, दुरुस्ती किंवा हप्ते यांसाठी, तीही थेट बँकेला वा कंत्राटदाराला. रोख घेण्याची सोय नंतर झाली. योजनेला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. प्रकल्पग्रस्त दाखला, वारस दाखला आणि जुना उतारा घेऊन बेलापूरच्या सिडको भवनात खेटे घातलेल्या आपल्या वाचकांना ही कागदपत्रांची यादी ओळखीची वाटेल.

कळावे.

इतिहासाच्या एक निवृत्त प्राध्यापिका व गृहकर्ज विभागातील एक निवृत्त बँक अधिकारी,
नेरूळ, नवी मुंबई