दातांच्या कॅप बनवणाऱ्या दादांना, पहिली ‘ब’च्या बाईंकडून

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

त्या दिवशी पेढ्यांचा पुडा घेऊन आले, तेव्हा तुमच्या तोंडावर मास्क होता, डोळ्यांवर भिंग होतं आणि शेजारी कॉम्प्रेसर बोंबलत होता. तुम्ही एक हात वर केलात आणि खुणेनंच विचारलंत, दुखतंय का? मी मानेनं नाही म्हटलं. पुडा पलीकडच्या टेबलावरच्या मुलानं घेतला. जे बोलायला शरणपूर रोडवरचा तो अरुंद जिना चढून आले होते, ते तसंच तोंडात घेऊन खाली उतरले. म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांत लिहितेय, कारण दातावर कॅप बसवलेल्या दहा जणांना विचारा कॅप कुणी बनवली म्हणून, दहाही जण डॉक्टरांचं नाव सांगतील. पहिली कॅप चुकली नसती, तर मीही तेच सांगितलं असतं.

तुम्हाला दात भेटतात ते प्लास्टरमध्ये. माझा कसा गेला ते डबीबरोबर कुणी पाठवत नाही, म्हणून सांगते. जानेवारीचा दुसरा आठवडा, निफाडच्या थंडीचा आकडा रोज पेपरात येत होता, आणि पंचवटीतल्या आमच्या शाळेत सकाळी पोरं काकडत बसली होती. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती. मी वाकून ती बांधत होते. मागून कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो उडी मारून उठला. त्याचं डोकं, माझं तोंड. त्याला साधं टेंगूळही आलं नाही. माझा वरचा पुढचा उजवा दात तिरका, निम्म्याहून थोडा कमी तुटला.

सगळा वर्ग बाकांखाली शिरून तुकडा शोधू लागला. नाही सापडला, मावशींच्या झाडूबरोबर गेला असणार. संध्याकाळी डॉक्टर मॅडमनी पहिलं तेच विचारलं, “तुकडा आणलात का?” तुकडा धड असेल आणि वाळला नसेल, तर कधीकधी तोच पुन्हा चिकटवता येतो म्हणे. वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पोराबाळांचा दात असा तुटला तर तुकडा घासूनपुसून रुमालात गुंडाळू नका, वाटीभर दुधात टाकून न्या. मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

दात आतल्या नसेपर्यंत उघडा पडला होता. स्कूटीवर तोंड उघडलं की गोदावरीच्या पुलावरचा वारा थेट मेंदूत जायचा. मग रूट कॅनॉल झालं, दातात एक बारीक दांडी बसवून वर भराव घालून झाला. इथवर ठीक होतं. पण पुढच्या वेळी मॅडमनी जो शिल्लक दात होता तोही चहूबाजूंनी घासून बारीक केला. आरशात पाहिलं तर पेन्सिलीला टोक काढावं तसा एक खुंट. मला रडू आलं. इतके दिवस वाचवला तो यासाठी? मॅडम म्हणाल्या, कॅपलाही स्वतःची जाडी असते. दात तेवढाच ठेवून वर कॅप घातली तर तो शेजाऱ्यांच्या पुढे येईल. पटलं, पण तो खुंट अजून डोळ्यांसमोर येतो. मग हिरडीत दोरा सारून कडा मोकळी केली, कणकेसारख्या गोळ्यात माप घेतलं आणि वर कच्ची कॅप चिकटवून मला घरी पाठवलं.

त्या दिवसांत माझी काय फजिती झाली, ते कुणाला सांगितलेलं नाही. दादा, मी पहिलीला शिकवते. माझा धंदाच अक्षरांचा. व म्हणताना खालचा ओठ वरच्या दाताची कड शोधतो. मला कड नव्हती. स ला जिभेच्या टोकाशी हवा चिमटीत धरावी लागते. माझी हवा फटीतून निसटायची आणि ससा शिट्टी मारत पळायचा. मराठीत तर आणखी पंचाईत. आपल्याकडे ‘जग’ म्हणजे दुनिया, त्यातला ज वेगळा आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा वेगळा. ‘जरा’ म्हणजे थोडंसं वेगळा आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण वेगळा. लिहायला एकच, फरक सगळा जिभेच्या टोकाचा. “जरा थांबा” म्हटलं की माझ्याच कानाला ते म्हातारपण वाटायचं. वर्गाला मात्र काही फरक पडला नाही. पहिलीच्या वर्गात निम्म्या पोरांचे पुढचे दात पडलेलेच असतात. आमचं सगळ्यांचं मिळून एकच उच्चारण होतं.

पण मला सत्तावीस फेब्रुवारी दिसत होती. तात्यासाहेब शिरवाडकरांचं गाव, त्यांचा वाढदिवस, मराठी भाषा गौरव दिन, आणि त्या दिवशी शाळेत माईकसमोर वाचायचं ते मीच, गेली अकरा वर्षं. तिथं ससा शिट्टी मारून चालणार नव्हतं.

पहिली कॅप आली फेब्रुवारीच्या सुरुवातीला. कुठल्या लॅबमधून ते महत्त्वाचं नाही. तुमच्याकडून नव्हती एवढं नक्की. बाथरूमची नवी टाइल बसवावी तशी दिसली. पांढरीफेक, सपाट, आतून दिवा नसलेली. मागून जाड, त्यामुळे शिट्टी तशीच. घरी नेली असती तर नातेवाइकांनी “छान झालाय हं” म्हटलं असतं, आणि तेच मला नको होतं. मॅडमनी ती पक्की केली नाही. दोनदा बसवून पाहिली, काढली आणि म्हणाल्या, “तुम्ही स्वतःच लॅबला जा. दुसऱ्या लॅबला. मी फोन करते.” त्यांचेही आभार आहेतच, पण त्यांना मी ते तोंडावर सांगितले आहेत.

तुमच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं तर खाली, वर, फळ्यांवर सगळीकडे जबडे. गुलाबी, पिवळे, निळे, प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव. पिठाच्या गिरणीसारखी पांढरी धूळ. एक मुलगा मेणाचा इवलासा दात कोरत होता. त्यानं सांगितलं, याच्याभोवती साचा करून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मला आपल्या सराफ बाजारातल्या ओतकामाची आठवण झाली. तेही मेणाचाच दागिना करतात आधी. बाजूला टॉयलेट सोप एवढी पांढरी चकती मशिनमध्ये फिरत होती.

तुम्ही आधी मला काही विचारलंच नाही. गॅलरीत नेलंत, उजेडात. माझी साडी नारिंगी होती, तर गळ्याशी एक राखाडी नॅपकीन बांधलात. लिपस्टिक पुसायला लावलीत. मग रंग जुळवायची, सोळा छोट्या दातांची ती पट्टी काढलीत आणि एकेक दात माझ्या शाबूत दाताशेजारी धरायला लागलात. पाच सेकंद बघायचं, मग समोरच्या बंद दुकानाच्या राखाडी शटरकडे बघायचं, मग पुन्हा पाच सेकंद. मी विचारलं, शटरमध्ये काय आहे? म्हणालात, “काही नाही. डोळा रंगाला दमतो, त्याला विसावा.”

पहिली का चुकली तेही तिथेच कळलं. शेड, म्हणजे दाताचा रंग, घेतली होती संध्याकाळी, ट्यूबलाइटमध्ये, आणि तीही मॅडमनी दात घासून बारीक केल्यावर. अर्धा तास तोंड उघडं राहिलं की शेजारचे दात वाळतात, आणि वाळलेला दात पांढरा दिसतो. तुम्ही म्हणालात, “कॅप बरोबरच होती मॅडम. वाळलेल्या दाताची.” एवढं एक वाक्य, पण त्यात ज्यानं ती बनवली त्याची बाजूही तुम्ही घेतलीत. माझ्या ध्यानात राहिलं.

मग कागदावर तुम्ही माझा दात काढलात. मोठा, पानभर. हिरडीजवळ मानेशी ए-थ्री, मधे ए-टू, ही त्या पट्टीवरच्या रंगांची नावं, आणि कडेला आकडा न लिहिता नुसती निळसर छटा, “इथं काच आहे” म्हणून. एक उभी चीर, चहानं जराशी रंगलेली. कडेजवळ एक पांढरा ठिपका, जो मला आजवर माहीत नव्हता. आणि मग भिंग लावून विचारलंत, “दोरा दातानं तोडता?”

दादा, तीस वर्षं. गॅदरिंगचे कपडे, वर्गाची तोरणं, गजरे, फाटलेली दप्तरं. माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही, आणि तुम्ही एका खाचेवरून सांगितलंत. “खाच भरून टाकू की ठेवू?” मी म्हटलं, ठेवा. तुम्ही म्हणालात, “दाखवण्यापुरती ठेवतो. पण नव्या दातानं दोरा तोडायचा नाही.” घरात कात्री होती, आता ती सापडतेसुद्धा.

त्यानंतरचा भाग मी स्टाफरूममध्ये चार वेळा सांगितलाय. तुम्ही कच्च्या कॅपवर थोडं मेण लावून म्हणालात, “वीसपासून तीसपर्यंत म्हणा.” एकवीस, बावीस, तेवीस, चोवीस, तुमची नजर माझ्या खालच्या ओठावर. व म्हणताना दाताची कड ओठाला कुठं टेकते यावरून दाताची लांबी ठरते, हे मला इतकी वर्षं अक्षरं शिकवून माहीत नव्हतं. मेण थोडं खरवडलंत. “आता साठ ते सत्तर.” एकसष्ट, बासष्ट... सहासष्ट, सदुसष्ट. इथं स ची परीक्षा. तुम्हीही माझ्याबरोबर पुटपुटत होतात आणि अडुसष्टनंतर तुम्ही म्हणालात, “एकोणऐंशी.”

सवयच ती. तोंडात मेण असताना मी म्हटलं, “एकोणसत्तर. पुन्हा म्हणा.”

तुम्ही पट्टी खाली ठेवून, हात मागे बांधून म्हणालात, “एकोणसत्तर.” त्यानंतर तुम्ही मला मॅडम म्हटलं नाहीत. बाईच म्हणालात.

पुढचं तुम्हाला रोजचं आहे, पण वाचणाऱ्यांना नवल वाटेल म्हणून लिहिते. त्या पांढऱ्या चकतीतून, म्हणजे झिर्कोनियातून, कॅपचा आतला सांगाडा कोरतात तो मापापेक्षा साधारण २० ते २५ टक्के मोठा. मग १५०० अंशांच्या आसपास तापणाऱ्या भट्टीत तो तासन्‌तास राहतो आणि आकसून बरोबर मापाचा होतो. आम्ही पोरांचे गणवेश ढगळ शिवतो ते पोरं वाढतील म्हणून. तुम्ही ढगळ करता ते कापडच आटणार म्हणून. त्यावर पोर्सिलेनची भुकटी ओली करून ब्रशानं थर देता, प्रत्येक थर पुन्हा भट्टीत. चीर, ठिपका, निळी कड, सगळं त्या थरांत.

मॅडमनी फोनवर सांगितलं, “उद्या बिस्क ट्रायल.” मी बिस्किट ऐकलं आणि बरोबर डबा घेऊन गेले. ते म्हणजे चकाकी देण्याआधीची, खरखरीत कॅप बसवून पाहणं. तुम्ही स्वतः बाइकवरून ती डबी घेऊन आला होतात. निळा कागद चावायला दिला, मागच्या बाजूला एक ठिपका उमटला, मॅडमनी तो उतरवला. पुन्हा कागद. मला वाटलं आता ठीक आहे. तुम्ही कोपऱ्यातून म्हणालात, “बाई, अजून उंच आहे का, नीट सांगा. केसभर असलं तरी दाताला कळतं.” आणि खरंच कळत होतं.

२४ तारखेला चकाकी दिलेली कॅप पक्की झाली. त्या खालचा खुंट माझाच आहे, त्याची कड किडू शकते, तेव्हा दात साफ करायच्या दोऱ्यानं, म्हणजे फ्लॉसनं, रोज साफ करा, एवढं सांगून मॅडमनी सोडलं. २७ ला मी वाचलं. ससा पळाला नाही. व जिथं टेकायचा तिथं टेकला.

एक गोष्ट मात्र टोचते. दुसऱ्या कॅपचे वेगळे पैसे मॅडमनी माझ्याकडून घेतले नाहीत. मी खूश होऊन निघून आले. ते कुणाच्या खिशातून गेले, गॅलरीतला तो पाऊण तास कुणाच्या हिशेबात धरला गेला, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला मिळालेल्या पावतीवर लॅबचंही नाव नाही, तुमचं तर दूरच.

ज्याच्या डोक्यानं हे सगळं घडलं, तो आमचा गडी परवा मधल्या सुट्टीत टेबलाशी आला. त्याचेही आता खालचे दोन पडलेत. म्हणाला, “बाई, तुमचा नवा दात कुठला?” मी म्हटलं, तूच ओळख. त्यानं जवळ येऊन, नाक माझ्या नाकाला लागेपर्यंत जवळ येऊन, बघितलं. आणि डावा दाखवला.

आपली,
पहिली ‘ब’च्या बाई
पंचवटी, नाशिक

ता. क. तो पानभर दाताचा पेन्सिलीचा कागद टाकून दिला नसेल, तर मला हवा आहे. मी परत येईन. या वेळी कॉम्प्रेसर बंद असेल तेव्हा, जेवणाच्या सुट्टीत.