पाणी लागताच मिसिंग मारणारी गाडी आणि तीन वेळा झालेली निष्फळ दुरुस्ती यांबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : इंजिनावरील झाकणाचे सील चुकीचे बसवल्यामुळे इग्निशनमध्ये वारंवार होणारा बिघाड, आणि जॉब कार्डवरील ‘बाहेरचे पाणी, वॉरंटी लागू नाही’ हा शेरा रद्द करण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीची दोन आसनांची स्पोर्ट्स कार मी तीन वर्षांपासून वापरत आहे. तिचे चार सिलिंडरचे इंजिन आसनांच्या मागे असून त्यावर जाळीदार झाकण आहे, आणि माझ्या तक्रारीचे मूळ त्या झाकणाच्या कडेला आहे. मागच्या नियमित सर्व्हिसिंगपासून गाडीला पाणी लागले की इंजिन मिसिंग मारते, म्हणजे मध्येच ठिणगी चुकून झटके देते. या एकाच दोषासाठी आपल्या अधिकृत वर्कशॉपने गाडी तीन वेळा ताब्यात घेतली, पहिल्या दोन वेळा माझ्याकडून सुट्या भागांचे व मजुरीचे पैसे घेतले, आणि तिसऱ्या वेळी वर उल्लेखलेला शेरा मारून गाडी आहे तशी परत केली. तो शेरा मला मान्य नाही. का मान्य नाही, हे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण वर्कशॉपमध्ये ते ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती.

त्या सर्व्हिसिंगमध्ये वेळापत्रकाप्रमाणे चारही स्पार्क प्लग बदलले गेले, आणि त्यासाठी इंजिनावरचे झाकण व त्याखालचे आवरण काढावे लागले, असे जॉब कार्डवरच नमूद आहे. त्याआधीची दोन वर्षे गाडी पावसात भिजली, धुतली गेली, रात्र रात्र उघड्यावर उभी राहिली, आणि एकदाही कुरकुरली नाही. सर्व्हिसिंगनंतरच्या पहिल्याच पावसात मात्र, पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवून झाल्यावर, पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी मी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने उचलच घेतली नाही. तिने तीन-चार झटके दिले, इंजिनाचा आवाज फाटल्यासारखा झाला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. समोरून वाहन येत होते. मी गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेऊ शकले, हे नशीबच म्हणायचे.

बाजूला थांबून मी सर्व्हिस ॲडव्हायझरांना फोन केला. ‘बंद पडत नसेल तर हळूहळू घेऊन या,’ असे त्यांनी सांगितले आणि मी तशाच अवस्थेत 14 किलोमीटर गाडी चालवत आणली. आपले ओनर्स मॅन्युअल मी त्यानंतर उघडले. दिवा नुसता पेटलेला राहिला तर गाडी लवकर तपासून घ्यावी, पण तो लुकलुकत असेल तर वेग कमी करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. त्याचे कारण आपल्या लोकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असायला हवे. ज्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडत नाही, त्यातले पेट्रोल न जळता एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात, जाऊन जळते. त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. म्हणजे मॅन्युअल थांबा म्हणते आणि वर्कशॉप या म्हणते. या 14 किलोमीटरांत कन्व्हर्टरचे काही नुकसान झाले का, हे आजपर्यंत कोणीही तपासलेले नाही.

पहिल्या भेटीत स्कॅनर लावल्यावर पी 0302 आणि पी 0303 हे दोन कोड निघाले, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, अर्थात मिसिंग. या दोन सिलिंडरांच्या इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणारे भाग, ‘गेल्या’ असे सांगून त्या बदलण्यात आल्या. गाडी तीन दिवसांनी मिळाली आणि उत्तम चालली. पुढच्या पावसात तोच प्रकार घडला. दुसऱ्या भेटीत उरलेल्या दोन कॉइल आणि जेमतेम काही आठवडे वापरलेले चारही प्लग बदलले गेले. गाडी पुन्हा तीन दिवस वर्कशॉपच्या छपराखाली उभी होती आणि पुन्हा उत्तम चालली. आता मला वाटते, दोन्ही वेळा तिला बरे केले ते त्या छपरानेच. इंजिनाच्या उबेने आणि कोरड्या हवेने तीन दिवसांत जे पाणी सुकायचे ते सुकले, आणि त्याचे बिल मला नव्या कॉइलच्या नावाने मिळाले.

दुसऱ्या दुरुस्तीनंतर बिघाड परतला तेव्हाही स्कॅनरवर तेच दोन कोड होते. कॉइल नव्या, प्लग नवे, तरी सिलिंडर तेच. दोष कॉइलमध्ये असता तर तो जुन्या कॉइलबरोबर निघून गेला असता. एका सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावून पाहायची आणि कोड कॉइलबरोबर सरकतो की जागेवर राहतो हे बघायचे, ही कोणत्याही मेकॅनिकची पहिली चाचणी असते, आणि तिला एकही नवा भाग लागत नाही. ती तीनपैकी एकाही भेटीत केल्याची नोंद जॉब कार्डांवर नाही.

वर्कशॉपने गाडी तपासली ती अंगणात जागेवर उभी करून, इंजिन रेस करून. ‘बघा, आता कुठे मिसिंग आहे?’ असे मला दोनदा विचारण्यात आले. पाण्यामुळे होणारा हा दोष गाडी उभी असताना बहुधा दिसतच नाही. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडण्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि सिलिंडरमधली हवा जितकी जास्त दाबली जाते तितका तो अधिक लागतो. इंजिनावर भार नसताना थोड्या व्होल्टेजवर काम भागते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना पाय खाली गेला की गरज वाढते, आणि त्या वेळी प्लगच्या पोर्सेलिनवर (चिनी मातीच्या भागावर) किंवा कॉइलच्या रबर बूटच्या (प्लगवर घट्ट बसणाऱ्या रबरी नळीच्या) आत ओल असेल, तर विजेला आतल्या फटीपेक्षा बाहेरची ओली वाट सोपी पडते. वीज पोर्सेलिनवरून घसरून प्लगच्या धातूत उतरते आणि आत ठिणगी पडत नाही. म्हणून ही गाडी रस्त्यावर, भाराखाली आणि ओली असतानाच तपासायला हवी होती. ती आजवर फक्त कोरडी आणि उभी तपासली गेली आहे.

तिसऱ्या भेटीनंतर मी घरी जो साधा प्रयोग केला, तो येथे नोंदवते. इंजिन पूर्ण थंड असताना आवरणाच्या वर कोरड्या वर्तमानपत्राचे दोन ताव पसरले, झाकण नेहमीप्रमाणे लावले, आणि त्याच्या मागच्या कडेवर एक मग पाणी हळूहळू ओतले. जाळीखाली पाणी वाहून नेणारी जी पन्हळ आहे, तिच्यातून बरेचसे पाणी दोन्ही बाजूंच्या नळ्यांवाटे खाली गेले, म्हणजे आपली मूळ रचना बरोबर आहे. पण झाकण उघडल्यावर कागदावर तळहाताएवढा एकच ओला डाग होता, आणि तो मधल्या दोन सिलिंडरांच्या बरोबर वर होता. डागाच्या वर पाहिले तर झाकणाचे रबरी सील सुमारे वीतभर लांबीत खाचेबाहेर येऊन आतल्या बाजूला दुमडले होते. दुमडलेल्या जागी रबरावर पांढरट सुरकुती पडली आहे, म्हणजे ते तसे बरेच दिवस दबून राहिले आहे. सर्व्हिसिंगच्या वेळी झाकण परत बसवताना हे सील चिमटले गेले असावे, असा माझा निष्कर्ष आहे. या प्रयोगापूर्वी ते झाकण माझ्याकडून कधीही काढले गेलेले नाही.

नंतर एका अनुभवी मेकॅनिककडून, माझ्यासमोर आणि कोणताही भाग न बदलता, दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल काढून पाहिल्या. प्लग ज्या खोल विहिरीत बसतो तिच्या तळाशी टॉर्चच्या उजेडात चमचाभर गढूळ पाणी दिसत होते आणि प्लगच्या षटकोनाभोवती गंजाचे तांबूस वर्तुळ होते. जेमतेम काही आठवडे वापरलेल्या कॉइलच्या रबर बूटच्या आत, वरपासून खालपर्यंत, पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ होती. वीज पुन्हा पुन्हा त्याच वाटेने गळाली की कार्बनची अशी रेघ उमटते, आणि मग तो बूट कोरडा झाला तरी ती वाट मोकळीच राहते. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरच्या विहिरी मात्र पूर्ण कोरड्या होत्या. त्या मेकॅनिकने हवेच्या दाबाने पाणी काढले, फडक्याने प्लगचे पोर्सेलिन पुसले आणि बूटच्या आत सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावला. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर गाडी 200 किलोमीटर बिनतक्रार चालली. मग मी झाकणावर पुन्हा एक मग पाणी ओतले. पहिल्याच चढावर झटके सुरू झाले.

माझ्या जुन्या गाडीला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकाच कॉइलची वीज तारांवाटे सगळ्या प्लगना वाटणारा भाग, होता. पावसात ती गाडी बंद पडली तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, कोरड्या फडक्याने आतून पुसायची, तारा पुसायच्या आणि सेल मारायचा. दहा मिनिटांचे काम. नव्या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे आणि ती अधिक भरवशाची रचना आहे, हे मला मान्य आहे. पण त्या खोल विहिरीत एकदा पाणी साचले की ते आपणहून पटकन जात नाही, त्यामुळे पाणी वरच अडवणे या रचनेत अधिक गरजेचे ठरते, आणि ते काम ज्या सीलचे आहे त्याच्याकडे तीन भेटींत कोणी मान वर करून पाहिले नाही.

आता त्या शेऱ्याबद्दल. ‘बाहेरचे पाणी इंजिनात गेले’ याचा अर्थ मी गाडी साचलेल्या पाण्यात घातली आणि इंजिनाने ते ओढून घेतले, असा होतो. तसे झाले असते तर एअर फिल्टर भिजला असता, आणि सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकले असते, कारण पाणी हवेसारखे दाबले जात नाही. आपल्याच वर्कशॉपच्या तिसऱ्या जॉब कार्डवर ‘एअर फिल्टर कोरडा’ अशी नोंद आहे, आणि कॉम्प्रेशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाचे, चारही सिलिंडरांचे आकडे जवळपास सारखे आहेत. म्हणजे शेरा आणि त्याच कागदावरचे निष्कर्ष यांचा मेळ बसत नाही. इंजिनावर पाण्याचा जोरदार फवारा मारू नये, या मॅन्युअलमधील सूचनेचेही मी उल्लंघन केलेले नाही. गाडी मी बादली आणि फडक्यानेच धुते. राहिला पाऊस. सर्व्हिस ॲडव्हायझरांनी मला शेवटी ‘शक्यतो पावसात काढू नका’ असा सल्ला दिला. ज्या गाडीला कंपनीने वायपर बसवून दिले आहेत, तिच्याबाबतीत हा सल्ला मी गंभीरपणे कसा घ्यावा, हे आपणच सांगावे.

माझी मागणी अशी आहे की झाकणाचे सील नवे बसवावे, पन्हळ व तिच्या नळ्या तपासाव्यात, आणि त्यानंतर झाकणावर पाणी ओतून व गाडी भाराखाली रस्त्यावर चालवून केलेली चाचणी माझ्यासमोर व्हावी. काळ्या रेघा उमटलेले दोन्ही बूट, आणि कॉइलपासून ते वेगळे मिळत नसतील तर त्या कॉइल, विनामूल्य बदलून मिळाव्यात. पहिल्या दोन भेटींत घेतलेली संपूर्ण रक्कम परत करावी, कारण ज्या भागांसाठी ती घेतली त्यांत दोष होता याचा कोणताही पुरावा मला दाखवलेला नाही आणि काढलेले भागही मागूनसुद्धा दिलेले नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपल्या खर्चाने तपासून त्याचा लेखी अहवाल द्यावा.

आणि या सगळ्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो शेरा गाडीच्या नोंदीतून लेखी स्वरूपात रद्द व्हावा. वॉरंटीचा काळ अजून शिल्लक आहे; हा शेरा तसाच राहिला तर पुढे इंजिनाच्या किंवा विजेच्या कोणत्याही दुरुस्तीच्या वेळी तोच माझ्यापुढे धरला जाईल, आणि गाडी विकायची वेळ आली तर नव्या मालकापुढेही.

तिन्ही जॉब कार्डे, दोन्ही बिले, स्कॅनरच्या नोंदी, तसेच दुमडलेले सील, ओला कागद, प्लगच्या विहिरी आणि रबर बूट यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. वर्तमानपत्राचा तो ताव मी वाळवून ठेवला आहे. पाण्याची कडा त्यावर अजून स्पष्ट दिसते आणि हवा असल्यास तोही दाखवता येईल. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आणि तपासणीची तारीख कळवावी, अन्यथा मला ग्राहक म्हणून उपलब्ध असलेल्या कायदेशीर मार्गाने दाद मागावी लागेल. तोपर्यंत गाडी मी छपराखाली उभी ठेवली आहे आणि आपले तंत्रज्ञ येईपर्यंत त्या सीलला हात लावणार नाही.

आपली विश्वासू,
(वाहनधारक)